हिचकॉकचा चेहरा इतका मख्ख का?

प्रश्न: अमेरिकन टीव्हीवरच्या डिक कॅव्हेटच्या मुलाखतींच्या शोमधली रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकची 1972ची मुलाखत नुकतीच पाहिली. 'सायको' काढणारा माणूस, चेहरा मख्ख, आवाज संथ, आणि समोरचे लोक हसतायत. हा मूळ स्वभाव की तयारी? आणि त्यातल्या शॉवरमधल्या खुनाच्या सीनमधे रक्त म्हणून खरंच चॉकलेट सिरप होतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: सिरपचं खरंय. पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे रंगाचा प्रश्नच नव्हता, पाण्यात ते गडद दिसलं की झालं.

आता चेहऱ्याचं. माझ्या मते ती पूर्ण तयारी, आणि मला ती फार आवडते. 1955पासून दहा वर्षं ते स्वतःच्या टीव्ही मालिकेत दर एपिसोडला याच चेहऱ्याने 'गुड इव्हनिंग' म्हणत यायचे, 'सायको'सुद्धा त्यांनी बराचसा त्याच टीव्हीच्या युनिटला घेऊन स्वस्तात काढला, म्हणजे टीव्हीचा कॅमेरा त्यांच्या अगदी सवयीचा. त्यांचा एक ठरलेला किस्सा होता. एका बापाचं पत्र येतं, मुलीने टबात खून असलेला एक फ्रेंच पिक्चर पाहिला तेव्हापासून टबात बसत नाही, आता 'सायको' पाहिल्यापासून शॉवरही घेत नाही, करू काय? हिचकॉकचं उत्तर, ड्रायक्लीनिंगला पाठवा. हे सांगताना ते आधी स्वतःच हसले असते तर सगळी मजा गेली असती ना! पुढे काय येतंय ते चेहऱ्यावरून कळूच द्यायचं नाही, आणि समोरच्याला काय कधी कळू द्यायचं हेच तर त्यांचं आयुष्यभराचं काम.

त्या मुलाखतीच्या वेळी त्यांचा 'फ्रेन्झी' हा पिक्चर आला होता, तो जरूर बघा. त्यात पहिला खून पूर्ण दाखवलाय. नंतर तोच खुनी दुसऱ्या बाईला घेऊन खोलीत जातो, दार लागतं, आणि कॅमेरा आत न जाता उलटा जिना उतरत बाहेर रस्त्यावर येतो, तिथे लंडनच्या कॉव्हेंट गार्डनचा भाजीबाजार आपल्या गडबडीत चालू. वर काय होतंय ते आपल्याला माहितीये पण खालच्या एकालाही पत्ता नाही, आणि आपण काही करू शकत नाही. (हिचकॉकचे वडील भाजीवाले होते, तेव्हा हा बाजार त्यांनी किती मनापासून टिपलाय बघा.)

फक्त घरात लहान मुलं जागी असताना लावू नका, तो पहिला खून फार अंगावर येतो.