तिसऱ्या आवर्तात आठच मूलद्रव्ये का?

प्रश्न : अणूच्या तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, मग आवर्तसारणीच्या तिसऱ्या आवर्तात (आडव्या ओळीत) सोडिअमपासून अरगॉनपर्यंत आठच मूलद्रव्ये का?
– एक विद्यार्थिनी, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि पाठांतरावर समाधान न मानता आपण ती विचारली याचा आनंद वाटतो. आवर्त संपण्यासाठी कवच पूर्ण भरावे लागत नाही. पहिले आवर्त सोडल्यास, बाह्यतम कवचातील ‘एस’ व ‘पी’ ही उपकवचे (कवचाचे भाग) मिळून आठ इलेक्ट्रॉन झाले, की ते संपते. तिसऱ्या कवचातील ‘३डी’ उपकवचात आणखी दहा इलेक्ट्रॉनांना जागा असते खरी. परंतु पोटॅशिअमच्या अणूतील एकोणिसावा इलेक्ट्रॉन तेथे न जाता कमी ऊर्जेच्या ‘४एस’मध्ये (चौथ्या कवचातील ‘एस’ उपकवचात) जातो आणि त्याबरोबरच चौथे आवर्त सुरू होते. ‘३डी’ भरू लागते ते कॅल्शिअमनंतर, स्कँडिअमपासून (अणुअंक २१) जस्तापर्यंत (अणुअंक ३०). म्हणूनच चौथ्या आवर्तात ‘४एस’ची दोन, ‘३डी’ची दहा आणि ‘४पी’ची सहा अशी १८ मूलद्रव्ये येतात. मात्र हा क्रम सर्वत्र काटेकोर नाही : क्रोमिअम व तांबे यांच्या ‘४एस’मध्ये एकच इलेक्ट्रॉन असतो. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये केवळ अणुवस्तुमान आणि गुणधर्मांच्या आधारे सारणी मांडली, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध लागण्यास अजून २८ वर्षे होती.