छावणीतला बायोचार: आधी धाटांचा हिशोब मांडा

तुमची संस्था उत्तर युगांडातल्या निर्वासित वस्तीत बायोचारचं, म्हणजे कमी हवेत भाजलेल्या काडीकचऱ्याचा कोळसा मातीत मिसळण्याचं, काम सुरू करतेय, आणि तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: जमीन सुधारेल का, आणि कार्बन क्रेडिट (हवेतला कार्बन अडकवून ठेवल्याचं विकता येणारं प्रमाणपत्र) विकून कुटुंबांच्या हातात पैसा येईल का. जमीन सुधारेल, पण थोड्या जागेत. क्रेडिटच्या पैशाचं मात्र निदान सुरुवातीला तरी कुणापुढे नाव काढू नका.

बिडी बिडी वस्ती २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा दक्षिण सुदानमधून आलेल्या कुटुंबांना साधारण ३० बाय ३० मीटरचा तुकडा द्यायचं ठरलं होतं. म्हणजे ९०० चौरस मीटर. पुस्तकी शिफारस बहुतेक वेळा हेक्टरी १० टनांच्या आसपास असते, त्या हिशोबाने या तुकड्याला ९०० किलो कोळसा लागेल. सुक्या मालाचा फार तर चौथा-पाचवा हिस्सा कोळसा हाती येतो. म्हणजे जवळपास चार टन सुकी धाटं हवीत. तो तुकडा एका हंगामात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी धाटंही देणार नाही, आणि त्यातलीही काही शेळ्या खाणार, काही चुलीत जाणार. उरलेला माल कुठून आणणार? झाडांवरच कुऱ्हाड पडेल. सरपणासाठी बायका आधीच लांबलांब पायपीट करतात, त्यात ही भर नको.

म्हणून शेतभर पसरायचा विचार सोडा. घरामागची भाजीची जागा धरा आणि प्रत्येक आळ्यात मूठ-दोन मुठी टाका. मात्र कोरा कोळसा कधीच टाकू नका. तो मातीतला नत्र स्वतःकडे ओढून धरतो, पहिल्या हंगामात पीक पिवळं पडतं, आणि मग त्या घरातली बाई पुन्हा तुमचं ऐकत नाही. शेणखतात किंवा कंपोस्टमध्ये मिसळून दोन-तीन आठवडे मुरू द्या. पाणी मिसळलेलं मूत्र ओतलं तर उत्तमच, तेवढी लाज सोडायची तयारी हवी.

माती कोणती, यावर पुष्कळ अवलंबून आहे. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात उष्ण कटिबंधात उत्पादन सरासरी २५ टक्के वाढलेलं दिसलं, समशीतोष्ण भागात जवळजवळ काहीच नाही. कारण उघड आहे: झिजलेल्या, आम्लधर्मी मातीला कोळशामुळे सामू (pH) वाढून फायदा होतो. हाच उपाय उचलून केनियातल्या काकुमासारख्या कोरड्या भागात नेला, जिथे माती बऱ्याचदा आधीच अल्कधर्मी असते, तर उलटा परिणाम होऊ शकतो. तिथे वेडी बाभूळ माजलीय, कच्च्या मालाला तोटा नाही. पण तिच्या कोळशाची जागा चुलीत, मातीत नाही.

बनवायला महागडी भट्टी नको. दीडेक मीटर रुंद, पाऊण मीटर खोल, खाली निमुळता खड्डा पुरतो. आग वरून लावायची. वरच्या काड्यांवर पांढरी राख धरायला लागली की पुढचा थर टाकायचा, त्याआधी नाही, त्यानंतरही नाही. ज्वाळांचा पडदा वर टिकला तर धूर त्यातच जळतो आणि खालच्या कोळशाला हवा मिळत नाही. धूर दाटला तर माल ओला आहे किंवा तुम्ही घाई करताय. तयार कोळसा ओतताना किणकिणतो. हाताला लागलेला काळा साध्या पाण्याने निघाला तर नीट भाजलाय, साबण लागला तर डांबर शिल्लक आहे.

विझवायला पाणी भरपूर लागतं, आणि छावणीत माणशी दिवसाला १५-२० लिटर मिळणं हेच उद्दिष्ट असतं. तेव्हा मातीने गच्च झाका, रात्रभर ठेवा, आणि उघडल्यावर ढिगात हात घालून ऊब आहे का बघा. अर्धवट विझलेला कोळसा वाऱ्याने पुन्हा पेटतो. मार्च २०२१ मध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावणीला आग लागली (कारण बायोचार नव्हतं), तेव्हा सुमारे ४५ हजार लोक उघड्यावर आले. बांबू आणि ताडपत्रीच्या वस्तीत खड्डा घरांपासून लांबच हवा.

आता पैशाचं. एक किलो कोळसा साधारण अडीच-तीन किलो कार्बन डायऑक्साइड अडकवून ठेवतो. कुटुंबाने वर्षात १०० किलो केला तरी तो पाव टनाच्या थोडा पुढे जातो. त्यातून मोजणी, नमुने, तपासणी आणि मधल्यांचा वाटा वजा करा, काय उरतं ते तुम्हीच बघा. त्यापेक्षा भाजीचं चार वाफे जास्त पीक आणि रोपवाटिकेसाठी कोळसा-कंपोस्टचं मिश्रण, यातून लवकर पैसा येतो. काही घरं तुमचा बायोचार सरळ चुलीत घालतील. रागावू नका, त्यांचा हिशोब बरोबर आहे. भुगा कसाव्याच्या खळीत मळून जळणाच्या कांड्या करायला शिकवा, मोठे तुकडे जळू द्या, उरलेला बारीक चुरा मातीला.

एक गोष्ट कागदावर आणा: जमीन स्थानिक समाजाची आहे आणि कोळसा मातीत शेकडो वर्षं राहतो. सुधारलेला तुकडा दोन हंगामांनी काढून घेतला जाणार नाही, हे गावातल्या वडीलधाऱ्यांशी आधी बोलून ठरवा, आणि प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून यजमान गावातली घरं घ्या. तिथल्या मदतकार्यात सुमारे ३० टक्के वाटा त्यांना देण्याची पद्धत आहेच.

मातीचा सामू मोजून, आणि कापणीनंतर खरोखर वाया जाणारं काय काय आहे याची यादी करून इथेच टाका. मग आळ्याला किती मुठी ते सांगतो.