नवरा सोबत असताना बाईला एकटं वाटू शकतं का, आणि त्याने विसरायला होतं का?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा दोघं एकत्र राहतात तरी आई एकटं वाटतं म्हणते, आणि हल्ली विसरतेही. वाटू शकतं की! आमच्या दादाचं पेटंट वाक्य होतं, "दोघं आहेत ना एकमेकांना, एकटी कुठेय ती?" ते ऐकलं की माझं डोकंच फिरायचं.

बाबांना कमी ऐकू यायला लागलं, पण मान्य कोण करणार, "तूच पुटपुटतेस" हे ठरलेलं. एकदा आई आपल्या मैत्रिणीच्या आजारपणाचं सांगत होती, अगदी सविस्तर, आणि बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "हो, केलाय बंद गॅस." तेव्हा आम्ही सगळे हसलो, तीही हसली, पण मग हळूहळू तिने सांगणंच सोडलं. राहिलं काय तर गोळी घेतली का, वाढू का, कडी लावली का. माझ्याशी फोनवर बोलताना साधे शब्द अडायला लागले, "ते गं, ते हे..." दादा म्हणे वय झालं.

लॅन्सेट कमिशनच्या (लॅन्सेट या मेडिकल जर्नलची तज्ज्ञ समिती) २०२४ च्या रिपोर्टमध्ये डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, जे १४ धोके कमी करता येण्यासारखे सांगितलेत त्यात कमी ऐकू येणं पण आहे आणि माणसांपासून तुटणं पण. आणि २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात एकटं वाटणाऱ्या साठीपुढच्या लोकांत निम्म्याहून जास्त चक्क विवाहित होते. हे मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, दादाने अंगठा दिला.

बाबांना शेवटी कानाचं मशीन लावलं, आधी बरेच दिवस ड्रॉवरमध्ये पडून होतं कारण भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणे. आता दोघं भांडतात, मस्त भांडतात. आईचं विसरणं गेलं असं नाही, पण गप्पा मारते.

हां, उलटंही असतं, विसरणं आधी सुरू होतं आणि मग माणूस चारचौघांत बोलायचं टाळतो. शिवाय डिप्रेशन, थायरॉईड, बी-१२ कमी असणं यानेही असं होतं, त्यामुळे डॉक्टरांना दाखवाच, आणि वडिलांचे कानही तपासून घ्या. भावंडं असतील तर त्यांना सांगा, आईला फोन केला की दोन मिनिटांत "बरं, बाबांना दे" म्हणायचं नाही. आमचा दादा अजून तेच करतो.