वाघूळ, वटवाघूळ आणि पाकोळी

बडोद्यातील एका वाचकाने विचारले आहे की, गुजरातीत मोठ्यासाठी ‘वागोळ’ आणि लहानासाठी ‘चामाचीडियुं’ हे शब्द वेगळे राखले जातात, मग मराठीत दोन्हींना वटवाघूळच का म्हणायचे, आणि मोठ्याला ‘उडता कोल्हा’ म्हटलेले चालेल का?

मराठीतही हा भेद आहे. दिवसभर उंच झाडाला उलटे लटकणारे, उन्हाळ्यात पंखांनी वारा घेणारे आणि तिन्हीसांजेला फळांच्या शोधात निघणारे ते वाघूळ. आढ्याच्या फटीत राहून किडे टिपणारी ती पाकोळी. पाकोळी हे नाव एका पक्ष्यालाही असल्यामुळे लेखी मराठीत ‘वटवाघूळ’ सर्वांसाठी रूढ झाले असावे. वाघूळ शब्दाचा वाघाशी संबंध नाही. त्याचे नाते संस्कृतातील वाग्गुद, वल्गुली या शब्दांशी लावले जाते. मनुस्मृतीत (12.64) गूळ चोरणाऱ्याला वाग्गुदाचा जन्म सांगितला आहे, आणि गोडाची ही ओढ फळे खाणाऱ्या प्राण्याला नेमकी शोभते.

आपले वाघूळ म्हणजे शास्त्रीय नावाने टेरोपस मेडियस. हे नाव डच प्राणिशास्त्रज्ञ टेमिंकने 1825 मध्ये दिले, पण जुन्या पुस्तकांत ते टेरोपस जायगँटियस म्हणून आढळेल. गण कायरॉप्टेरा, कुल टेरोपोडिडी. जवळून पाहिले तर डोळे मोठे, तोंड लांबट, शेपटी मुळीच नाही, आणि अंगठ्याप्रमाणे दुसऱ्या बोटालाही नखी असते. पाकोळीच्या दुसऱ्या बोटाला ती नसते. पूर्वी शास्त्रज्ञही मोठी फळभक्षी आणि लहान अशी दोन उपगणांत विभागणी करीत, म्हणजे वाघूळ-पाकोळी हाच भेद. जनुकीय अभ्यासाने मात्र ती मोडली: नालाच्या आकाराचे नाक असलेल्या आणि उंदरासारखी लांब शेपटी असलेल्या पाकोळ्या घरातल्या चिमुकल्या पिपिस्ट्रेल पाकोळीपेक्षा वाघळाच्या अधिक जवळच्या ठरल्या. तरीही बोलीतला भेद सोडण्याचे कारण मला दिसत नाही, कारण तो वंशावळीवर नव्हे, तर राहणी आणि आहारावर उभा आहे.

‘उडता कोल्हा’ हे इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर आहे आणि घरचा शब्द असताना त्याची गरज नाही. मात्र वाघूळ हा शब्दही जपून वापरावा. टेरोपस मेडियसचा प्रदेश पाकिस्तानपासून भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेशमार्गे म्यानमारपर्यंत आणि दक्षिणेस श्रीलंका व मालदीवपर्यंत आहे. टेरोपस प्रजातीच्या बहुतेक जाती बेटांवर राहतात. मादागास्करपासून प्रशांत महासागरापर्यंत त्या पसरल्या असूनही आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर एकही नाही. म्हणून झांबियातील कसांका येथे लाखोंनी जमणाऱ्या प्राण्यांविषयी लिहिताना ‘फळभक्षी वटवाघळे’ म्हणावे. ती आयडोलन या वेगळ्या प्रजातीची आहेत.