अँटेनासाठी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा किती खोल घ्यावा?

गच्चीवर हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संचाचा) अँटेना उभारताना त्याच्यासाठी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा किती खोल घ्यावा आणि विजेचा झटका जमिनीत वळवणारा अरेस्टर कोणता बसवावा, असे आपण विचारले आहे. त्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द मला खटकला, कारण त्याच शब्दापायी माझा एक रेडिओ सेट गेला.

रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी हे काम माझ्या साडूंनी केले. ते वायरिंगची कंत्राटे घेतात. ‘आकाशातली वीज घरच्या अर्थिंगमध्ये कशाला आणायची?’ असे म्हणत त्यांनी घराच्या खड्ड्यापासून दूर, परसातल्या माडापाशी जांभा फोडून दुसरा खड्डा घेतला, कोळसा-मीठ भरले आणि मीटरवर तीन ओहम दाखवून मला गप्प केले. दोन्ही खड्डे तांब्याच्या पट्टीने जोडावेत, हे माझे म्हणणे फुकटचा खर्च ठरले. मे महिन्यात वळवाच्या पहिल्याच पावसात वीज त्या माडावर पडली. अँटेनाला ती शिवलीही नाही. पण माडाखालची जमीन क्षणभर हजारो व्होल्टने वर चढली, घराचा खड्डा खालीच राहिला, आणि दोहोंमधली वाट अँटेनाच्या केबलच्या, म्हणजे कोअ‍ॅक्सच्या शील्डमधून (बाहेरच्या धातूच्या जाळीतून), सेटच्या पत्र्यातून, पॉवर सप्लायच्या तिसऱ्या पिनेतून जात होती. पॉवर सप्लाय उघडला तेव्हा बोर्डावरची अर्थिंगची तांब्याची रेघ उडून गेली होती आणि तिच्या जागी काजळीचा बोटभर पट्टा उरला होता.

मीठ कमी पडले, असे साडू अजूनही म्हणतात. पण आकाशातल्या विजेचा प्रवाह सहज २०,००० अँपिअर असतो. तीन ओहमने गुणले की ६०,००० व्होल्ट होतात. म्हणजे अँटेनावर वीज पडली, तर उत्तम खड्डाही वर चढणारच. घरातले सगळे त्याच्याबरोबर चढले पाहिजे. म्हणून केबली घरात शिरतात तिथे तांब्याची एकच पाटी लावावी, गॅस ट्यूबचा अरेस्टर आणि मेन्सचे सर्ज प्रोटेक्टर तिलाच जोडावेत, आणि तिथून आखूड, रुंद, सरळ पट्टी खाली न्यावी. वेटोळी घातलेली हिरवी वायर इथे कुचकामी आहे. खड्ड्याच्या खोलीचे म्हणाल तर बारमाही ओल लागेपर्यंत जावे.

अर्थात थेट आघातापुढे अरेस्टरची खात्री नाही. ढग दिसताच कोअ‍ॅक्स सेटपासून काढून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र तिला हात लावू नये. सोसायटीत राहत असाल, तर इमारतीच्या अर्थिंगला परवानाधारक माणसाशिवाय हात घालू नये.

आमचे दोन खड्डे आता जोडलेले आहेत. पट्टी साडूंनीच आणून बसवली आणि जाताना दोन्ही खड्ड्यांत मीठ ओतून गेले.