पिन हेडर आणि सॉकेट निवडताना

पहिल्या इलेक्ट्रॉनिक्स प्रकल्पासाठी हेडर (बोर्डावर लावायची पिनांची पट्टी) किंवा सॉकेट (त्या पिना ज्यात बसतात ती भोकांची पट्टी) विकत घेण्यापूर्वी दोन पिनांमधील अंतर, म्हणजेच पिच, नक्की करून घ्या. ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग जोडण्याचा भोकांचा बोर्ड), आर्डुइनो नॅनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि बहुतेक सेन्सर मॉड्यूल 2.54 मिलिमीटर पिचची असतात; मात्र एक्सबी रेडिओ मॉड्यूलच्या पिना 2 मिलिमीटर अंतरावर असल्यामुळे ते नेहमीच्या सॉकेटमध्ये बसतच नाही.

पिनेचा आकार याहून महत्त्वाचा आहे आणि नवशिक्यांची चूक बहुधा इथेच होते. साध्या हेडरची पिन चौकोनी, सुमारे 0.64 मिलिमीटर जाड असते, तर गोल भोकांचे मशीन-पिन सॉकेट आयसीच्या (चिपच्या) बारीक पायांसाठी बनवलेले असते. त्यात चौकोनी पिन दाबून बसवली, की आतल्या पाकळ्या कायमच्या ताणल्या जातात आणि पुढे तिथे आयसी लावल्यावर जोड अधूनमधून सुटू लागतो. असा दोष शोधण्यात माझे दोन रविवार गेले आहेत, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

नर पट्टी (म्हणजे पिनांचे हेडर) सहसा 40 पिनांची मिळते आणि खाचेवर सहज तुटते. मादी पट्टी (म्हणजे भोकांचे सॉकेट) कापताना मात्र एक भोक वाया जाते, त्यामुळे नॅनोसाठी 15 भोकांची दोन तयार सॉकेट घेणे मला अधिक योग्य वाटते. सोल्डर करताना दोन्ही सॉकेट एखाद्या जुन्या बोर्डाच्या पिनांवर बसवून ठेवा, म्हणजे ओळी सरळ राहतील. फक्त सोल्डरिंग आयर्न एका पिनेवर दोन-तीन सेकंदांहून अधिक टेकवू नका, कारण प्लॅस्टिक मऊ होऊन पिन तिरकी होते.