वाचकांचे प्रश्न : किलोग्रॅम नेमका कुठून येतो?

प्रश्न : पॅरिसजवळ सेव्र इथे ठेवलेला धातूचा ठोकळा म्हणजे एक किलोग्रॅम, असं आम्ही शिकलो. ती व्याख्या का बदलली? ठोकळ्याशिवाय किलोग्रॅम मिळतो कसा?

उत्तर : तो ठोकळा म्हणजे ९० टक्के प्लॅटिनम आणि १० टक्के इरिडियमचा, ३९ मिलिमीटर उंच व तेवढ्याच व्यासाचा दंडगोल. १८८९ पासून तोच प्रमाण होता. शंभरेक वर्षांनी त्याच्या प्रतींशी ताडून पाहिलं, तेव्हा सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक आढळला. ठोकळा हलका झाला की प्रती जड झाल्या, हे सांगण्याची सोयच नव्हती. व्याख्येनुसार तो झिजला तरी एक किलोग्रॅमच भरणार!

म्हणून २० मे २०१९ पासून प्लांकच्या स्थिरांकाची (अणू आणि प्रकाशकणांच्या भौतिकीतल्या, निसर्गात सगळीकडे सारख्या असणाऱ्या एका राशीची) किंमत ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद अशी कायमची बांधून दिली आहे. ज्यूल-सेकंदात किलोग्रॅम, मीटर आणि सेकंद तिन्ही दडलेले असतात. सेकंद सीझियमच्या अणूवरून आणि मीटर प्रकाशाच्या वेगावरून आधीच पक्के होते. राहिला तो किलोग्रॅम; तो या बांधलेल्या किमतीवरून ठरतो.

प्रत्यक्ष मापन किबल तुलेवर होतं. चुंबकीय क्षेत्रात तारेचं वेटोळं टांगलेलं असतं. आधी वेटोळ्यातून वीजप्रवाह सोडून पारड्यातल्या वस्तूचं वजन तोलतात आणि तो प्रवाह मोजतात. मग वस्तू काढून वेटोळं ठरावीक वेगाने हलवतात व त्यात निर्माण होणारा व्होल्टेज मोजतात. चुंबकाची ताकद आणि तारेची लांबी अचूक मोजणं फार अवघड, पण दोन्ही मापनं एकत्र केली की त्या राशी समीकरणातून गळून पडतात. या पद्धतीचं खरं सौंदर्य इथे आहे. प्रवाह आणि व्होल्टेज पुंजभौतिकीच्या (क्वांटम भौतिकीच्या) परिणामांवरून मोजतात, म्हणून समीकरणात थेट प्लांकचा स्थिरांक येतो आणि त्याच्या बांधलेल्या किमतीवरून वस्तूचं वस्तुमान निघतं. त्या जागचं गुरुत्वत्वरण (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो तो) मात्र वेगळं मोजावं लागतं. हवेचं उत्प्लावक बल (वस्तूला वर ढकलणारं) चूक घालतं, म्हणून सगळं निर्वातात. वेटोळं किंचित तिरकं झालं तरी निकाल बिघडतो.

प्रश्न : मग प्रयोगशाळेतला वजनकाटा बदलायचा का?

उत्तर : नाही. नवी किंमत जुन्या किलोग्रॅमशी जुळेल अशीच निवडली आहे. काळजी वेगळीच घ्यायला हवी. इलेक्ट्रॉनिक काटा बल मोजतो आणि आकडा वस्तुमानाचा दाखवतो. गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर सुमारे ९.७८, तर ध्रुवांवर ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं. विषुववृत्तावर जुळवलेला काटा तसाच ध्रुवावर नेला, तर एक किलोग्रॅमला सुमारे ५ ग्रॅम जास्त दाखवेल. म्हणून जागा बदलली की काटा समपातळीत आणा, चालू करून थोडा वेळ तापू द्या, प्रमाणित वजनाने पुन्हा जुळवा. ते वजन चिमट्यानेच उचला. बोटांचा तेलकटपणा त्याला चिकटतो. दोन पारड्यांच्या तराजूला ही अडचण नाही, कारण गुरुत्व दोन्हीकडे सारखंच बदलतं.

प्रश्न : ॲल्युमिनियमची घनता २.७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. किलोग्रॅम प्रति घन मीटरमध्ये माझं उत्तर ०.२७ येतं. कुठे चुकलं?

उत्तर : तुम्ही शंभराने गुणलंत, शंभराचा घन केला नाहीत. एका घन मीटरमध्ये १० लाख घन सेंटीमीटर असतात. ०.००२७ किलोग्रॅम गुणिले १०,००,००० म्हणजे २,७००. पाण्याची घनता १,००० असते, हे ध्यानात ठेवलं की ०.२७ पाहताक्षणी खटकेल.